फाटक्या पंखाची नोंद

रफूमावशीचा 'उद्या' सगळ्या गल्लीत बदनाम होता. कोट आणा, शाल आणा, कुणाच्या आजोबांचा जुना सूट आणा, मावशी भोकाकडे बघणार, कापड उलटं करणार, आतल्या शिवणीतून एक धागा ओढून उजेडात धरणार आणि म्हणणार, "उद्या या. उद्या नक्की." उद्या गेलं की ती त्याच शांतपणे चष्म्यावरून बघणार आणि पुन्हा तेच. तिच्या नवऱ्याला तर हा विषय म्हणजे आयतं कोलीत. दुकानात डोकावले आणि समोर गिऱ्हाईक दिसलं, की ते हमखास विचारायचे, "उद्या म्हणजे कुठल्या वर्षीचा उद्या, तेवढं सांग त्यांना." गिऱ्हाईक हसायचं, मावशी सुई रोखून दटावायची आणि कोट मिळायचा आठ दिवसांनी. पण मिळायचा तेव्हा भोक कुठं होतं ते खुद्द मालकालाही सापडायचं नाही, म्हणून लोक मुकाट्यानं ऐकून घ्यायचे.

नवरा विजेचे मीटर वाचायचा. एकतीस वर्षं हेच केलं, तेव्हा रिटायर झाल्यावरही गल्लीत ते मीटरवालेच राहिले. आता मीटर कुठं असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. जिन्याखाली, संडासाच्या मागं, वेलीच्या जाळ्यात, म्हणजे जिथं दुसरं कुणी हात घालत नाही तिथं. पेटीचं झाकण उघडलं की आत कुणी ना कुणी राहायला आलेलंच असायचं. कोळी, गांधीलमाशीचं मातीचं घर, कुणाची तरी अंडी. आधी मीटरवाले काडीनं झटकून मोकळे व्हायचे. मग एकदा एक हिरवा-सोनेरी भुंगेरा नेमका आकड्यांवर येऊन बसला. हा हलतोय, मग हलतोय, करत ते दहा मिनिटं उभे राहिले. शेवटी मीटरचा फोटो काढायच्या फोननं त्याचाच फोटो काढला. घरी येऊन मोठा करून बघितला आणि जेवायचं विसरले. तिथून जे वेड लागलं ते लागलंच. पुढं बाहेरगावी असलेल्या लेकीनं फोनला लावायचं चिमट्याचं भिंग पाठवलं आणि उरलीसुरली शुद्धही गेली.

पण वेडालाही शिस्त होती हो! प्रत्येक किड्याचे तीन फोटो: वरून, बाजूनं, तोंडावरून. ही तीन नसली तर ओळख पटत नाही, असं ते सगळ्यांना बजावायचे. फोनवरच्या किडेवेड्यांच्या ग्रुपात एक सर होते, ते नाव सांगायचे. नाव येईपर्यंत मीटरवाले घरचं नाव ठेवायचे, आणि तेच पुढं कायम व्हायचं. मग सगळं रजिस्टरात. तारीख, ठिकाण, नाव, संख्या. महिनाअखेरीला बेरीज. अठरा वर्षांत एक खाडाखोड नाही. मीटर वाचणाऱ्याचा हात तो, आकडा चुकला तर लोक दारावर येतात.

मावशीला किडा म्हटला की एकच ठाऊक. कसर. लोकरीच्या कपड्यांना लागते ती. ती दुकानात डांबराच्या गोळ्या पसरून बसायची आणि नवऱ्याला म्हणायची, "मी कापडातून बाहेर काढायचं आणि तुम्ही मांडीवर घ्यायचं!"

"अगं, कसरीनं खाल्लं नसतं तर तू रफू काय केलं असतंस? अन्नदाती आहे ती तुझी."

"मग आजचा स्वयंपाक तिलाच सांगा."

असा त्यांचा संसार. भांडण म्हणावं तर भांडण, करमणूक म्हणावी तर करमणूक.

एका सकाळी मीटरवाल्यांच्या हातून कप सुटला. कप उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. अठरा दिवस दवाखान्यात काढून दोघा माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून चौतीस पायऱ्या चढवून वर आणलं. घर वरती, दुकान खाली. तेव्हापासून मावशीचे दिवसाला दहा-दहा फेरे सुरू झाले.

व्यायाम करून घ्यायला एक पोरगी एक दिवसाआड यायची. चुणचुणीत, हसरी. एकदा मावशी तिला सोडायला दारापर्यंत गेली, तेव्हा पोरगी जिन्यातच थांबली.

"काकू, खरं सांगू? काकांच्या पायात जोर येतोय. तेच पाय टाकत नाहीत. त्यांच्या मनातच नाही. आणि हे दोन-तीन महिनेच काय ते. आत्ता उठले तर उठले."

"आणि नाही उठले तर?"

पोरगीनं पिशवीची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. मावशी खाली येऊन दुकानात बसली आणि अर्धा तास सुईत दोराच ओवला नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

मीटरवाले भिंतीकडे तोंड करून पडून असत. रडणं नाही, चिडणं नाही, काहीच नाही. पाणी हवं असलं तर तेवढं 'पाणी' म्हणत. ज्या माणसाच्या बडबडीनं मावशीचं डोकं उठायचं, तो माणूस भिंतीचे पोपडे बघत होता. तिनं रेडिओ लावून पाहिला. गोड बोलून पाहिलं. मुद्दाम भांडून पाहिलं, तर समोरून आवाजच नाही. एकट्यानं भांडण्यात काय राम आहे? गिऱ्हाइकांना ती चक्क खऱ्या तारखा सांगायला लागली. गल्लीला तेव्हा कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"आई, बाबांना त्यांचे किडे दाखव ना," लेक फोनवर म्हणाली.

"मी? किडे?"

"फोन तिथंच आहे त्यांचा. भिंगही आहे. तू कर तर खरं."

दुकानाच्या मागं मोकळं आवार होतं. रानगवत, बंद पडलेला हातपंप, पलीकडं एक बुटकी विटांची भिंत. मावशी तिथं कधी पाऊल टाकत नसे. पहिल्या दिवशी ती गवतात वाकली आणि फोनची सावली पडताच सगळा गाव उडून गेला. जे सापडलं त्याचा धुरकट ठिपका आला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "हलू नको रे मेल्या!" आणि तिला कळलं की किडा हलतच नव्हता, हलत होती ती. मग मात्र तिची गाडी रुळावर आली. कारण न हलणं हीच तर तिची उभ्या जन्माची कमाई. सुईत धागा ओवताना श्वास कसा धरायचा, कोपर बरगडीला कसं टेकवायचं, हे तिला कुणी शिकवायचं? सकाळी ऊन चढायच्या आधी किडे गारठलेले असतात, तेव्हा सावली चुकवून एकेक बोट पुढं सरकायचं. भिंगातून केसाएवढीच जागा स्पष्ट दिसते, बाकी सगळं धूसर. ती केसाएवढी जागा कुठली, हे आपण ठरवायचं.

तिथंच तर घोटाळा झाला.

तिनं आठवड्याभरात पंधरा-वीस फोटो काढले, आणि मोठ्या ऐटीत ग्रुपवर टाकले. सरांचं उत्तर आलं. "नमस्कार. फोटो छान स्पष्ट आहेत, पण स्पष्ट आहे तो फक्त पंखाचा फाटका काठ. पाठ नाही, तोंड नाही. ओळखता येणार नाही. मीटरवाल्यांना आता कसं आहे?"

मावशीनं सगळे फोटो पुन्हा बघितले. खरंच की! नाकतोड्याचा तुटका पाय. टाचणीच्या, म्हणजे त्या सुईसारख्या बारक्या चतुराच्या, पंखाला गेलेली चीर. भुंगेऱ्याच्या पाठीवरचा ओरखडा. चाळीस वर्षं हातात कापड आलं की डोळा आधी भोकावर जायचा, तो इथंही गेला, आणि तिला पत्ताही लागला नाही. तिला स्वतःचाच राग आला. मग सरांचा आला. "चांगलं तेवढं काय बघायचं?" ती फोनला म्हणाली. "चांगल्याला माझी काय गरज?"

तरी ती रोज दुपारी वर जाऊन तेच फोटो नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरायची. ते बघायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. पाचव्या की सहाव्या दिवशी त्यांनी एक डोळा थोडा जास्त वेळ उघडा ठेवला आणि ओठ वाकडे करत म्हणाले, "फा... फाटकं."

अशा तुच्छतेनं म्हणाले की बस्स! मावशी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून त्या आवाजात पोटभर रडली. दीड महिन्यात 'पाणी' सोडून हा पहिला शब्द होता.

त्यानंतर तिनं ठरवलं की अठरा वर्षांचं रजिस्टर मोडू द्यायचं नाही. रोज जे दिसेल ते त्यांच्याच पद्धतीनं लिहायचं, आणि लिहिताना त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचायचं. बुटक्या भिंतीवर सकाळी नऊच्या सुमाराला, ऊन विटांवर आलं की, एक निळं फुलपाखरू येऊन बसायचं. पंखांवर डोळ्यांसारखे गोल ठिपके. रजिस्टरात त्याचं घरचं नाव आधीपासून होतं. "डोळेवालं निळं, मागची भिंत, एक." दुसऱ्या दिवशी, "डोळेवालं निळं, मागची भिंत, एक." ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते की नव्हते, कोण जाणे.

महिनाअखेर आली. बेरीज करायची होती. बारा दिवस, रोज एक, म्हणजे बारा. मावशीनं तसं लिहिलंही, पण हात रजिस्टरावरून उठेना. तिनं फोन उघडला आणि ते बारा फोटो एकामागून एक बघितले. मग उलट क्रमानं बघितले. मागच्या उजव्या पंखाला तिरकी खाच. तिच्याशेजारी एक लहान. पहिले चार दिवस खाचेच्या टोकाला एक बारीक चिंधी लोंबत होती, पाचव्या दिवशी ती गळली. सातव्या दिवशी लहान खाच मोठीला जाऊन मिळाली. कापड कसं उसवत जातं हे तिला सांगायला नको होतं. हे बारा नव्हते.

रजिस्टर आणि फोन घेऊन, दुकान उघडं टाकून ती जिना चढली.

"अहो, बारा नाहीत. एकच आहे."

मीटरवाल्यांनी मान वळवली. "काय?"

"डोळेवालं निळं. बारा नाहीत ते. रोज तेच येतंय."

"ना...ही."

"आहे."

"नाही! बा...रा." त्यांचा चेहरा लाल झाला. "नोंद आहे."

 आता तिला उलगडलं, आपण काय बोलून बसलो ते. हे एक असेल, तर अठरा वर्षांच्या त्या सगळ्या बेरजांचं काय? महिन्याला चाळीस, वर्षाला पाचशे, सगळं सुवाच्य अक्षरात. त्यातले किती जण तेच ते होते? या माणसाकडं उरलं होतं ते हेच एक काम, आणि आपण नेमका तिथलाच धागा ओढला. जीभ झडो माझी, ती मनात म्हणाली.

पण मीटरवाल्यांनी डावा हात पुढं केला होता. "दा...खव."

मावशीनं फोन पुढं केला आणि मग काय सुचलं कुणास ठाऊक, पटकन मागं घेतला.

"निजून दिसायचं नाही. उठून बसा, मग दाखवते."

त्यांनी असं काही रागानं बघितलं की जुने दिवस आठवले. मग डावं कोपर गादीत रोवलं. एकदा घसरलं. पुन्हा रोवलं. कपाळाची शीर फुगली. मावशीनं दोन्ही मुठी पाठीमागं घट्ट धरल्या होत्या, नाहीतर हात आपोआप पुढं गेले असते. ते बसले. पाय खाली लोंबते, एक खांदा कलता, पण स्वतःचे स्वतः बसले.

अर्धा तास ते फोटो बघत होते. मांडीवर रजिस्टर, शेजारी फोन. एक फोटो, दुसरा, परत पहिला. वरून काढलेला नाही, तोंडावरून काढलेला नाही, नुसता फाटका काठ. शेवटी त्यांनी पेन मागितलं. डाव्या हातानं, पहिलीतल्या मुलासारखं, बारावर एक रेघ मारली आणि शेजारी एकचा आकडा काढला. अठरा वर्षांतली पहिली खाडाखोड.

"रागावलात?" मावशीनं विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "रो...ज तेच?"

"रोज तेच. नऊ वाजता. त्याच विटेवर."

हजारो किडे पाहिले होते या गृहस्थानं, पण एकाला दुसऱ्यांदा भेटल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ते आ वासून बायकोकडे बघत राहिले. मावशीला तर इतकी लाज वाटली की ती रजिस्टराच्या कव्हरवरची नसलेली धूळ पुसत बसली.

"ने," ते म्हणाले.

"कुठं?"

"खा...ली."

दुसऱ्या दिवशी व्यायामाची पोरगी आली तर काका खाटेच्या काठावर बसून वाट बघत होते. ती दारातच थबकली. मग सुरू झालं ते काय विचारता! पहिल्या दिवशी खाटेपासून खिडकी. दुसऱ्या दिवशी दार. चौथ्या दिवशी जिन्याचा कठडा धरून तीन पायऱ्या खाली आणि तीन वर. पोरगी आता एक दिवसाआड नाही, रोजच यायला लागली. "काका, सावकाश, घाई नाही," ती म्हणाली, तर ते तिच्यावर खेकसले, "आहे! घाई... आहे."

घाई का होती ते मावशीला ठाऊक होतं. ती रोज सकाळी फोटो काढून वर आणायची. खाच वाढत होती. पंखांवरची निळाई झडून खालचा राखाडी रंग दिसायला लागला होता. असली फुलपाखरं दोन-तीन आठवड्यांची धनी, हे रजिस्टराच्या पहिल्याच पानावर मीटरवाल्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. आता एकोणीस दिवस झाले होते. एकोणिसाव्या दिवशीच्या फोटोत उजवा मागचा पंख जेमतेम निम्मा उरला होता आणि तरी बेट्यानं वीट बदलली नव्हती. मीटरवाल्यांनी तो फोटो बघितला आणि बोटानं खाली खूण केली. उद्याच.

विसाव्या दिवशी चौतीस पायऱ्या उतरायला चाळीस मिनिटं लागली. मागून पोरगीनं कमरेचा पट्टा धरलेला, पुढं मावशी उलट्या पावलांनी उतरत होती. प्रत्येक मजल्यावर लोक दारं उघडून उभे होते. खाली आल्यावर मीटरवाले घामानं निथळत होते. आवारात भिंतीपासून चार हातांवर खुर्ची मांडलेली होती. ते बसले. मांडीवर रजिस्टर. पोरगी समजूतदार, ती दुकानात जाऊन थांबली.

नऊ वाजले. ऊन विटेवर आलं.

सव्वानऊ झाले. विटेवरून एक मुंगळा गेला. एक माशी येऊन बसली, उडाली. दहा वाजत आले. वीट तापली, रिकामी होती. हातपंपाच्या सावलीतून काही निळं हललं असं मावशीला दोनदा वाटलं, दोन्ही वेळा काही नव्हतं.  फुलपाखराचं तिला काय? तिचा जीव अडकला होता तो खुर्चीत बसलेल्या माणसात. आता हा वर जाईल, ती मनाशी म्हणत होती, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करील, आणि या खेपेला मी काय दाखवू?

"येईल हं," ती म्हणाली. "आज जरा उशीर झालाय त्याला."

 मीटरवाल्यांनी रजिस्टर उघडलं, पेन डाव्या हातात धरलं आणि सावकाश लिहिलं. मावशीनं वाकून बघितलं. तारीख. मागची भिंत. डोळेवालं निळं. आणि संख्येच्या घरात एक वाकडंतिकडं शून्य.

या माणसानं जन्मात कधी शून्य लिहिलं नव्हतं. दिसलं ते लिहायचं, दिसलं नाही त्याची नोंद कोण करतं? मावशीचे डोळे भरून आले. तिनं तोंड फिरवलं, म्हणून तिला त्यांचा चेहरा दिसला नाही, नुसता आवाज ऐकू आला. अडखळला नाही, तुटला नाही.

"उद्या."

"अं?"

"उद्या येऊ."

फुलपाखरू उद्या येणार नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, त्यांना तर तिच्या आधीपासून ठाऊक होतं. तिनं डोळे पुसले, कमरेवर हात ठेवले आणि समोर उभी राहिली.

"उद्या म्हणजे कुठल्या वर्षीचा उद्या, तेवढं सांगा."

 मीटरवाल्यांच्या तोंडाची डावी बाजू आधी हसली, आणि उजवी, जी दोन-अडीच महिने हलली नव्हती, तीही जराशी ओढली गेली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला त्यांनी डावा हात उचलला आणि पेन गवतात पडलं.

"नक्की," ते म्हणाले. "उद्या नक्की."

मावशी पेन शोधायला गवतात वाकली. वाकल्या वाकल्या तिला पात्यावर एक टाचणी दिसली, चारही पंख धड. तिनं श्वास धरला, कोपर बरगडीला टेकवलं आणि फोटो न काढताच फोन मागच्या मागं नवऱ्याच्या हातात दिला.